डार्लिंग
डार्लिंग : इंग्रजी भाषेतील एक प्रेमदर्शक संबोधन. ‘प्रिय व्यक्ती’, ‘लाडका’ वा ‘लाडकी’ हा त्याचा मूळ अर्थ. पति-पत्नी व प्रेमिक परस्परांना, तसेच आईवडील मुलांना उद्देशून हा शब्द योजतात. स्त्री व पुरुष या दोहोंसाठी त्याचे रूप एकच राहते.

व्युत्पत्ती : प्राचीन इंग्रजीतील ‘देओरलिंग’ या शब्दापासून तो आला. त्यातील पूर्वपदाचा अर्थ ‘प्रिय, मोलाचा’ असा असून आधुनिक इंग्रजीतील ‘डिअर’ हे त्याचेच रूप होय. उत्तरपद हा एक प्रत्यय आहे. ‘डकलिंग’ (बदकाचे पिलू) या शब्दात तो लहानपण दर्शवितो, तर ‘अंडरलिंग’ (हाताखालचा माणूस) व ‘हायरलिंग’ (भाडोत्री माणूस) यांत तुच्छता. डार्लिंग या शब्दात त्याची कोवळी छटा टिकून राहिली.

१६११ च्या इंग्रजी बायबलमधील बाविसाव्या स्तोत्रात ‘एकमेव’ अशा अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी डार्लिंग हा शब्द योजिला असून तेथे तो भक्ताच्या स्वतःच्या प्राणाला उद्देशून आहे. आर्थर क्विलर-कूच यांनी केंब्रिज येथील व्याख्यानांत लेखकाच्या स्वतःच्याच आवडत्या, आलंकारिक वाक्यांना डार्लिंग म्हटले व ती निर्दयपणे काढून टाकण्याचा सल्ला दिला. ही व्याख्याने १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातील डार्लिंग नदीचे नाव मात्र प्रेमवाचक नसून गव्हर्नर राल्फ डार्लिंग यांच्या आडनावावरून पडले.

वापर : इंग्लंडमध्ये नाट्यव्यवसायातील मंडळी परस्परांना, तर काही दुकानदार अपरिचित गिऱ्हाइकांनाही सहजपणे डार्लिंग म्हणतात, तेथे प्रेमापेक्षा सलगीच अभिप्रेत असते. सलगीला परस्परसंमती नसेल, तर हेच संबोधन उपमर्दकारक ठरते. वरिष्ठाने हाताखालच्या स्त्रीस असे संबोधल्यास तिचे पद व कर्तृत्व डावलले जाते. २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, अनोळखी स्त्रीस डार्लिंग म्हणणे ही लैंगिक छटेची टिप्पणी ठरते, असा निर्णय दिला. त्या प्रकरणातील स्त्री कर्तव्यावर असलेली पोलीस कर्मचारी होती.

मराठीत ‘लाडके’, ‘प्रिये’, ‘राजा’, ‘सोन्या’ ही संबोधने अर्थाने जवळची आहेत. तथापि त्यांपैकी कोणतेही एक, पत्नी, पती व अपत्य या सर्वांस सारखेच लागू पडत नाही. त्यामुळे भाषांतरात शब्दापेक्षा नाते पाहूनच पर्याय निवडावा लागतो.