थोडे असो वा फार : अम्मींच्या वस्तूंची वाटणी

मुलुंड पश्चिमेची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामे करायला एक महिना मिळाला. अम्मींच्या इंतकालला तेव्हा चारच महिने झाले होते. आम्ही दोघा भावांनी सामान आवरायला घेतले आणि अम्मींचे शिलाई मशीन एका गरजू बाईला सदका म्हणून देऊन टाकले. सवाब अम्मींना पोहोचेल, एवढीच नियत होती. तिघी बहिणींपैकी एकीलाही विचारले नाही. धाकटी त्याच मशीनवर शिवण शिकली होती. त्या ईदला तिने आमचा फोन उचलला नाही.

आधी आम्हाला तिचाच राग आला. मग एका आलिम साहेबांना विचारले, तेव्हा चूक आमची निघाली. वाटणी होण्याआधी तरक्यातली प्रत्येक वस्तू सर्व वारसांची असते. दुसऱ्याच्या हिश्श्यातून सदका देण्याचा हक्क आम्हाला नव्हता.

घर आणि जमिनीचा हिस्सा आपण विचारतो. पानदान, देगची, घड्याळ, शाल यांच्याबाबत मात्र ‘त्यात काय वाटायचे?’ म्हणून मोकळे होतो. सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांचा आणि स्त्रियांचाही हिस्सा सांगितला आहे, आणि माल थोडा असो वा फार, हेही स्पष्ट केले आहे. आपल्या देशात १९३७ च्या शरीअत कायद्यानुसार मुस्लिमांच्या घरातील चीजवस्तूंचा वारसाही शरीअतप्रमाणेच ठरतो.

वाटणीचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि उरलेल्याची वाटणी. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच चालते. वडील गेले असतील आणि आईची मेहर बाकी असेल, तर तेही कर्जच. आईचे स्वतःचे दागिने तर वडिलांच्या तरक्यात येतच नाहीत.

आमचे अब्बा आणि नाना-नानी आधीच गेलेले. त्यामुळे अम्मींचे वारस आम्ही दोन भाऊ आणि तीन बहिणी. मुलाला दोन, मुलीला एक, असे सात हिस्से झाले. समजा सगळ्या वस्तूंची किंमत ७०,००० रुपये धरली, तर भावाला २०,००० आणि बहिणीला १०,००० रुपये.

पण पानदानाचे सात तुकडे कसे करणार? हिस्सा किमतीत मोजायचा आणि वस्तू रजामंदीने द्यायची. आम्ही सर्वांना एकत्र बसवून यादी केली. बांगड्यांचे वजन करून सराफाकडून भाव घेतला. प्रत्येकाला कोणती वस्तू हवी आणि का, ते विचारले. सुरुवात धाकटीपासून केली, म्हणजे थोरल्यांच्या भिडेने ती गप्प बसणार नाही. एकच वस्तू दोघांना हवी असेल तिथे चिठ्ठी टाकली. जादा किमतीची वस्तू घेणाऱ्याने फरक रोख दिला. एखादा वारस ठरावीक वस्तू घेऊन खुशीने बाकीचा हिस्सा सोडतो, त्याला फिकहमध्ये तखारुज म्हणतात. आमच्या थोरल्या बाजींनी फक्त अम्मींची जानमाज घेतली. शेवटी सर्व लिहून सह्या केल्या.

‘बहिणीने हक्क माफ केला’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. माहेर तुटेल या भीतीने ती गप्प राहिली असेल, तर ती माफी कसली? आधी हिस्सा तिच्या हातात द्या. मग ती काय करते, ते तिच्यावर सोडा.

आमचा तिसरा भाऊ अम्मींच्या हयातीतच वारला. मुलगे हयात असल्याने त्याच्या मुलांना वारसाहक्क मिळत नाही. पण आठवी आयत सांगते की, वाटणीच्या वेळी नातलग, यतीम आणि गरजू हजर असतील तर त्यांनाही काही द्या आणि त्यांच्याशी भलेपणाने बोला. सर्वांच्या संमतीने अब्बांचे घड्याळ त्या मुलांकडे गेले.

राहिले मशीन. दिलेला सदका परत मागणे आम्हाला बरे वाटले नाही. त्याची किंमत आम्ही दोघांनी आपल्या हिश्श्यातून भरली आणि धाकटीची माफी मागितली. ती म्हणाली, “भाईजान, मशीन गेल्याचं नाही, मला विचारलं नाहीत याचं वाईट वाटलं.” जाताना तिने अम्मींचा दोरे-बटणांचा डबा मागून नेला.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर कपाट उघडण्याआधी सर्वांना बोलवा. अल्लाहतआला आपल्याला हक्कदारांचे हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.