माळ्यावरच्या निगेटिव्ह

पनवेलच्या फोटो स्टुडिओंचं पोट कलेवर कधी भरलं नाही. ते भरलं अर्जांवर. परीक्षेचा फॉर्म, रेल्वेचा पास, बँकेचं खातं, पासपोर्ट. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या आणि सरकारी कागदांचा राबता वाढला. १९९३ मध्ये शेषन यांच्या निवडणूक आयोगाने मतदाराच्या फोटो ओळखपत्राचा आग्रह धरला. बाजारातल्या गाळ्यात एक पडदा, एक स्टूल, दोन दिवे, भिंतीवर आरसा-कंगवा आणि खुंटीला सगळ्या गिऱ्हाइकांना होणारा एक कोट, एवढ्या भांडवलावर कित्येक घरं चालली.

वरकमाई लग्नांची. आगरी-कोळी घरातली हळद म्हणजे रात्रभराचा कार्यक्रम. छत्तीस फोटोंचा रोल, मीडियम फॉरमॅटच्या यशिका कॅमेऱ्यात तर फक्त बारा. म्हणून लग्नाचा सौदा दिवसांवर न होता रोलांवर व्हायचा. नवरीच्या मामाने ‘अजून एक आमचा’ म्हटलं की फोटोग्राफर कधी कधी नुसताच फ्लॅश उडवायचा. या युक्तीला फसवणूक म्हणायला माझं मन धजत नाही. मामा खूश, रोल शिल्लक!

पण खरी बरकत कॉपीत होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम सांगतं की, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे गिऱ्हाईक. प्रत्यक्षात निगेटिव्ह मात्र राहायची स्टुडिओत, नंबर टाकलेल्या पाकिटात. आजोबा गेले की त्यांच्या पासपोर्ट साइजवरून मोठी तसबीर करायला घरची माणसं तिथेच येत. हक्क एकाचा, ताबा दुसऱ्याचा, आणि धंदा ताब्यावर. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२८ साली व्हिक्टर ससून यांनी सुरू केलेल्या आणि पुढे माधवजी कुटुंबाने सांभाळलेल्या हॅमिल्टन स्टुडिओची ख्याती जेवढी तिथल्या कॅमेऱ्याची, तेवढीच जपलेल्या निगेटिव्हची आहे. पनवेलच्या गाळ्यात तेच तत्त्व छोट्या प्रमाणात चालत होतं.

डिजिटल कॅमेऱ्याने हा धंदा बुडवला, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्या योजनेत सरकारने स्वतःच कॅमेरा हातात घेतला. त्याच सुमारास पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली; तिथेही फोटो खिडकीवरच निघतो. ज्या सरकारी कागदांनी स्टुडिओला गिऱ्हाईक पुरवलं, तेच कागद आता फोटो आपल्याकडे काढू लागले. उरलेलं काम मोबाइलने नेलं. लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर देऊन टाकायची पद्धत पडली आणि ताबाही गेला. पुन्हा कॉपी मागायला कोणी परतत नाही.

मग आज कोणी रोलवर पोट भरायचं म्हटलं तर?

आधी खर्च पाहू. उटीला केंद्र सरकारचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना होता, ‘इंदू’ नावाने त्याची फिल्म मिळायची. तो बंद पडल्यापासून आपण पूर्णपणे आयातीवर आहोत. पंचवीस वर्षांपूर्वी शंभराच्या आसपास मिळणारा रंगीत रोल आता हजारावर गेला आहे. धुलाई आणि स्कॅन मिळून पाचशे धरले, तर एकदा बोट दाबायचे चाळीस रुपये होतात. काटकसर करणारे शंभर फुटी फिल्म आणून घरी अंधारात डब्या भरतात; त्यातून छत्तीसचे अठराएक रोल निघतात. काही जण सिनेमाची फिल्म कापून वापरतात. जुन्या साठ्यातल्या अशा रंगीत फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा कार्बनचा थर असतो, त्यामुळे नेहमीची लॅब ती यंत्रात घालू देत नाही. तो थर घरच्या घरी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात सुटतो.

त्यात हवा पनवेलची. कृष्णधवल रोल धुवायला रसायन वीस अंशांवर लागतं. मे महिन्यात इथल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून टबात बर्फ, आणि बर्फ वितळेल तसा थर्मामीटरवर डोळा. रंगीत रोल सोपा वाटावा, कारण त्याला ३७.८ अंश लागतात. पण डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं तो पारा जवळजवळ हलता कामा नये. पावसाळ्यात लेन्सवर आणि निगेटिव्हवर बुरशी चढते ती वेगळीच. हे सगळं नीट करणाऱ्या माणसाच्या कामाला दर मिळायला हवा, आणि माझ्या मते आजची कमाई तिथेच आहे. फोटो काढण्यात थोडी, रोल धुण्यात, स्कॅन करण्यात, शिकवण्यात आणि जाम झालेले कॅमेरे सोडवण्यात जास्त. आजीच्या कपाटातला हॉट शॉट कॅमेरा काढून आणणारी कॉलेजची मुलं आहेत. त्यांना लॅब हवी असते. गोव्यात पी. माधवन यांनी उभ्या केलेल्या ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ने जुन्या पद्धती शिकण्यासाठी लोक दुरून येतात, हे दाखवून दिलं.

लग्नं फिल्मवर काढून नाव आणि पैसा दोन्ही मिळवणारे आहेत. कॅलिफोर्नियाचा होजे व्हिया हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. पण या वाटेवर गळ्याचा दोर परक्या हातात असतो. फूजीची प्रो ४०० एच ही अशा फोटोग्राफरांची लाडकी फिल्म. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने ती बंद केल्याचं जाहीर केलं आणि कित्येकांच्या कामाचा रंगच हरवला. पनवेलमध्ये हळदीचे हजार डिजिटल फोटो आणि सोबत एक-दोन रोल, वेगळ्या दराने, इतपत चालू शकेल. नुसत्या रोलवर घर चालवणं इथे जमणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

एक काम मात्र पनवेल-उरणात पडून आहे. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या भावासाठी झालेलं आंदोलन, त्यातला गोळीबार, पाच हुतात्मे, हे सगळं रोलच्या काळातलं. त्या दिवसांचे जे फोटो असतील ते कोणाच्या तरी निगेटिव्हवर आहेत. नवी मुंबई विमानतळाखाली गेलेल्या गावांची घरं, देवळं, लग्नं, तीही. जुन्या पनवेलचे वाडे पाडून इमारती होताहेत, आणि माळा रिकामा करताना पाकिटं भंगारवाल्याकडे जातात. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, ती काढून घेणारे आहेत. ही पाकिटं शोधणं, बुरशी पुसणं, स्कॅन करणं, गावागावाला त्याच्या त्याच्या फोटोंच्या प्रती विकणं हा धंदा होऊ शकतो. त्यात स्टुडिओवाल्याच्या वारसाला वाटा द्यावा लागेल, आणि सतराव्या कलमामुळे पैसे देऊन फोटो काढून घेतलेल्या घरालाही विचारावं लागेल. ज्याला बर्फाचा टब जमतो, त्याला हेही जमेल. फक्त पुढचा वाडा पडायच्या आत दार ठोठावायला हवं.