वृद्ध आश्रित कुत्र्याच्या नाकातून येणारे रक्त

रस्त्यावरून अथवा आश्रयगृहातून घरी आणलेल्या वयस्क कुत्र्याबरोबर त्याचा पूर्वेतिहास येत नाही. त्याचा जन्म कोठे झाला, कोणते आजार त्याला होऊन गेले, कोणत्या लसी टोचल्या होत्या, हे सांगणारे कोणीच नसते. मनुष्याच्या वैद्याला निम्मे निदान रोग्याच्या तोंडून मिळते. पशुवैद्याला ते मालकाकडून मिळवावे लागते, आणि येथे मालकही नवखाच. अशा कुत्र्याच्या नाकातून एके दिवशी रक्त वाहू लागले म्हणजे घरातील माणसे घाबरून जातात. काहीजण मात्र ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून स्वस्थ बसतात. वार्धक्याने कुत्र्याची दृष्टी मंदावते, सांधे आखडतात, हे खरे. परंतु केवळ वय वाढले म्हणून नाकातून रक्त येत नाही. त्याला कारण असलेच पाहिजे, आणि त्या कारणांपैकी काही अशी आहेत की, ती वेळीच ओळखली तर कुत्रा पूर्ण बरा होतो.

इतिहासाची उणीव प्रथम शरीरावरून भरून काढावी लागते. दातांची झीज आणि डोळ्यांच्या भिंगावर सहा-सात वर्षांनंतर दिसू लागणारी निळसर झाक यांवरून वयाचा अंदाज येतो. एका कानाच्या टोकाला खाच असेल, तर त्या कुत्र्यावर पूर्वी निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया झाली असावी. त्या वेळी रेबीजची लसही बहुधा टोचलेली असते. पण ती केव्हा टोचली हे कळत नसल्याने तिच्यावर विसंबून राहणे बरे नव्हे. त्यानंतर कानांच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचिडी आहेत काय, हिरड्या फिकट आहेत काय, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले आहेत काय, हे पाहावे. हे ठिपके म्हणजे त्वचेखाली झालेला सूक्ष्म रक्तस्राव होय.

रक्त एका नाकपुडीतून येते की दोन्हींतून, हा प्रश्न पशुवैद्य हटकून विचारतो. एकाच बाजूने वारंवार येत असेल, तर दोष बहुधा नाकातच असतो : अर्बुद, बुरशी, आत अडकलेले गवताचे कुसळ, किंवा वरच्या दाताच्या मुळाशी झालेला गळू. हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशात तर ओढ्याचे पाणी पिताना जळू नाकात शिरून बसल्याची उदाहरणे आहेत! दोन्ही बाजूंनी येत असेल, तर संशय रक्तावर जातो. अर्थात हा नियम पक्का नव्हे. रक्त गोठण्याची शक्ती कमी झालेल्या कुत्र्याच्या एकाच नाकपुडीतूनही रक्त वाहू शकते.

आपल्या देशात या संशयाच्या यादीत एर्लिकिया कॅनिस या जीवाणूचे नाव वरच घालावे लागेल. १९३५ साली डोनातियाँ व लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो अल्जीरियातील कुत्र्यांत प्रथम पाहिला. पॉल एर्लिक यांच्या स्मरणार्थ त्याला आजचे नाव पुढे मिळाले. १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे अनेक कुत्रे रक्तस्रावाने दगावले, तेव्हा या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले. तपकिरी रंगाची साधी गोचीड कुत्र्याचे रक्त पिताना हा जीवाणू त्याच्या शरीरात सोडते. दोन-तीन आठवड्यांत ताप येतो, भूक मंदावते. पुष्कळदा हे दुखणे आपोआप ओसरते. परंतु जीवाणू सर्वस्वी नाहीसा होतोच असे नाही. तो काही महिने, कधी काही वर्षेही, निमूटपणे शरीरात राहतो. पुढे केव्हातरी अस्थिमज्जेचे रक्त निर्माण करण्याचे काम खालावते, आणि बिंबाणूंचा, म्हणजे रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या सूक्ष्म कणांचा, तुटवडा पडतो. रस्त्यावर काढलेल्या तरुणपणातील गोचिडीचा दंश म्हातारपणी सुखवस्तू घरात असा प्रकट होतो.

बिंबाणू मोजणे हे यंत्राचे काम झाले आहे; परंतु बिंबाणूंचे पुंजके झाले असता यंत्र फसते. म्हणून रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर पसरून, रंगवून, तो सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहण्याची जुनी रीत अद्यापि सोडता येत नाही. सर्वांत मोठ्या शक्तीच्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात दिसणारा प्रत्येक बिंबाणू हा एका घन मिलिमीटर रक्तातील सुमारे १५ हजार बिंबाणूंचा निदर्शक मानतात. निरोगी कुत्र्यात ही संख्या साधारणतः २ ते ५ लाख असते. सरासरी दोनच बिंबाणू दिसले, तर संख्या ३० हजारांच्या आसपास आली, असे समजावे. एवढ्या कमी संख्येवर रक्त आपोआप वाहू लागण्याचा धोका असतो. त्याच काचपट्टीवर क्वचित श्वेतपेशीच्या आत तुतीच्या फळासारखा जीवाणूंचा पुंजका दिसतो. तो दिसला तर उत्तम. न दिसला म्हणून रोग नाही असे मात्र ठरत नाही.

प्रतिपिंडांची तपासणी होकारार्थी आली, तर त्या कुत्र्याला हा जीवाणू कधीतरी भेटला होता एवढेच सिद्ध होते. आज तो रक्तात आहे काय, हे जीवाणूच्या डीएनएचा शोध घेणाऱ्या परीक्षेने अधिक नेमके कळते. ही सर्व रक्ततपासणी औषध सुरू करण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे. शिवाय एका गोचिडीच्या पाठोपाठ दुसराही पाहुणा आलेला असू शकतो. डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत वर्णिलेला बबेसिया गिब्सोनी हा तांबड्या पेशींत राहणारा परजीवी भारतात सर्रास आढळतो. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध सुमारे चार आठवडे देतात व त्याचा गुण चांगला येतो. बबेसिया मात्र तेवढ्याने हटत नाही.

बिंबाणू पुरेसे असूनही रक्त थांबत नसेल, तर उंदरांच्या विषाचा विचार करावा. त्या विषाने रक्त गोठविणारे अन्य घटक तयार होईनासे होतात. त्यावर के जीवनसत्त्व हा उतारा आहे. रक्तदाबही मोजावा, कारण वृद्ध कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडली असता तो वाढतो. हे सर्व ठीक निघाले म्हणजे नाकाकडे वळावे : क्ष-किरण चित्र, दुर्बिणीने पाहणी, आणि शेवटी मांसाचा तुकडा काढून परीक्षा. हा क्रम उलटा करू नये. रक्त गोठत नसलेल्या कुत्र्याच्या नाकातून तुकडा काढणे जिवावर बेतू शकते.

नाकातील अर्बुद म्हटले की लोक आशा सोडतात. पण येथेही घाई नको. भटक्या कुत्र्यांत एक विलक्षण अर्बुद असते, ज्याच्या जिवंत पेशीच समागमातून किंवा हुंगण्या-चाटण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. १८७६ साली रशियात नोव्हिन्स्की यांनी ते एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखविले, आणि जगभरचे हे अर्बुद एकाच प्राचीन कुत्र्याच्या पेशींचा वंश आहे, हे २००६ साली आनुवंशिक पुराव्याने स्पष्ट झाले. ते नाकातही वाढते. दर आठवड्यास व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन दिल्यास ते बहुधा काही मात्रांतच विरघळते.

एकाच लक्षणावर इतके परस्परविरोधी उपचार असल्यामुळे अंदाजाने औषध देणे धोक्याचे ठरते. शरीर स्वतःच आपले बिंबाणू नष्ट करू लागले असता स्टेरॉइड द्यावे लागते. तेच संसर्ग दडलेला असताना एकटे दिले, तर अपाय करू शकते. घरात माणसांसाठी ठेवलेली ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके तर मुळीच देऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. पशुवैद्याकडे नेईपर्यंत कुत्र्याला शांत बसवावे, नाकाच्या दांड्यावर गार पाण्याची घडी ठेवावी, नाकपुडीत बोळा कोंबू नये.

उपचार लागू पडला, तर एक-दोन आठवड्यांत बिंबाणू वाढताना दिसतात. म्हणून गणना पुन्हा करावी. ती वाढली नाही, तर अस्थिमज्जा तपासावी लागते, आणि ती जवळजवळ रिकामी आढळली तर बरे होण्याची आशा थोडी असते, हे मालकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. दरम्यान घराच्या भिंतींच्या भेगाही तपासाव्यात. तपकिरी गोचिडीची मादी तेथेच हजारो अंडी घालते, आणि बरा झालेल्या कुत्र्याला या रोगापासून कायमचे संरक्षण मिळत नाही.