आण्णांचा काळा चेहरा आणि केशवरावांचा कॅमेरा

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा मजकूर.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. तासगावचा रथोत्सव, ऋषिपंचमीची दुपार. आमचे आण्णा, म्हणजे आजोबा, रथाच्या दोरीला हात लावून उभे. मी मोबाइल काढला, रेकॉर्ड दाबलं. घरी येऊन बघतोय तर मागचं गोपूर आणि आभाळ एकदम झकास, आण्णा मात्र काळेठिक्कर. पुढच्या गणपतीला आण्णा नव्हते. त्या क्लिपमध्ये त्यांचा ‘मोरया’ ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. एडिटिंगमध्ये उजेड वाढवला तर नुसते दाणे येतात.

झालं काय? फ्रेममध्ये आभाळ जास्त होतं. फोनने आभाळ सांभाळलं आणि एकूण उजेड कमी केला. काय दिसायला हवं हे मी ठरवलंच नाही, म्हणून फोनने ठरवलं. सिनेमॅटोग्राफरचं काम नेमकं हेच: काय दिसेल, किती दिसेल, हे आधी ठरवणं.

आता आपल्या शेजारच्या कोल्हापूरला चला. बाबूराव पेंटर यांनी दामल्यांना सोबत घेऊन 1918 मध्ये कॅमेराच घरी बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आला. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं. लय हळू पडली की पडद्यावर माणसं पळत सुटायची. आणि स्क्रीन नव्हतीच! फिल्म धुतल्यावरच कळायचं, चेहरा आला की गेला.

याच कंपनीत केशवराव धायबर तयार झाले. 1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी ‘प्रभात’ काढली. ‘अयोध्येचा राजा’ (1932) या बोलपटाचं छायालेखन त्यांचं. आता नवीनच अडचण: कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ द्यायची नाही.

मग 1934 चा ‘अमृतमंथन’. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दिसतो. त्यासाठी टेलिफोटो लेन्स वापरली. ती लांबूनच छोटासा भाग मोठा करून दाखवते, आजूबाजूचं सगळं बाहेर ठेवते. म्हणजे पुन्हा तेच: काय सोडायचं ते ठरवायचं. 1936 मध्ये त्यांनी ‘राजपूत रमणी’ दिग्दर्शित केला. ‘प्रभात’च्या पुण्यातल्या त्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

आता तुमचं काम. व्हिडिओ घेताना माणसाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. शेजारी सूर्याचं चिन्ह आलं तर वर सरकवा. आभाळ पांढरं पडेल, पडू दे. आणि जमलं तर ऊन स्वतःच्या पाठीवर घ्या.

गोपूर पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे. आधी माणूस नीट घ्या.