आपल्या खात्यावर काय काय आहे?

सातबारा सर्वांना ठाऊक आहे. पण आठ-अ किती जणांनी पाहिला आहे?

सातबारा हा एका जमिनीचा उतारा. शेती तीन गटांत असेल, तर सातबारे निदान तीन निघतील. आठ-अ हा माणसाच्या खात्याचा उतारा. त्या गावात तुमच्या खात्यावर कोणकोणते गट आहेत, क्षेत्र किती, आकार किती, हे सारे त्यावर एकत्र येते.

पूर्वी त्यासाठी चावडीवर जावे लागे. तलाठी गावात नसले, की हेलपाटा! आता हे दप्तर संगणकावर आले आहे. 'महाभूलेख' या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट पाहता येते. मोबाईलवरही दिसते. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे आणि आठ-अ मागायचा. खाते क्रमांक माहीत नसेल, तर नावाने शोधावे.

इथे घाई करू नये. घरात आपण बाळू असतो, दप्तरात बाळकृष्ण! आडनावाने शोधले, म्हणजे भावकीतली नावे समोर येतात. त्यांतून आपले निवडावे. आणि एकाच माणसाची खाती दोन असू शकतात, बरे का. एक स्वतःचे, दुसरे भावांबरोबरचे सामाईक. दोन्ही पाहावीत. जमीन दुसऱ्या गावात असेल, तर तिथला आठ-अ वेगळा काढावा लागतो.

समजा, एका बाईचा नवरा वारला. त्याची जमीन चार गटांत होती. "वारसनोंद झाली, वहिनी," असे दीर म्हणाले. एका सातबाऱ्यावर तिचे नावही दिसले. बाई निर्धास्त झाली. पुढे आठ-अ पाहिला, तर गट तीनच! मग चौथा गेला कुठे?

अशा वेळी भांडत बसू नये. आधी चौथ्या गटाचा सातबारा पाहावा. तिथे नवऱ्याचे नाव कंसात टाकलेले असेल, तर ते कमी झाले असे समजावे. जवळच फेरफाराचा क्रमांक असतो. त्या फेरफाराची नक्कल मागावी. नाव कशाच्या आधारे आणि केव्हा कमी झाले, ते त्यात लिहिलेले असते.

फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस काढतात. हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात. ती नोटीस न वाचता अंगठा देणे फार महागात पडते. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला असेल, तर प्रांताकडे अपील करता येते. त्याची मुदत 60 दिवस. मुदत उलटली, तरी उशिराचे सबळ कारण दाखवून अर्ज करता येतो. पण जितका उशीर, तितकी दगदग जास्त. म्हणून वर्षातून एकदा तरी, आणि घरात कोणी वारल्यावर तर नक्कीच, आठ-अ पाहावा.

फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. कचेरीत किंवा बँकेत तो चालत नाही. तिथे डिजिटल सहीचा उतारा काढून न्यावा.