मानसरोगी, परिचारक आणि कायदा

चिकित्सेच्या चतुष्पादांत चरकाचार्यांनी भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी यांची गणना केली आहे. उपस्थाता म्हणजे परिचारक. उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे त्याचे चार गुण होत. अन्य व्याधींत परिचारक उणा पडला तर उपचार रेंगाळतो. मानसरोगात मात्र ते रुग्णाच्या स्वातंत्र्यावर, प्रसंगी प्राणावर बेतते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहास आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना बाहेर पडता आले नाही आणि २८ जणांचा अंत झाला.

मानसरोग्यांविषयीचा कायदा आपल्याकडे पूर्वी १९१२ च्या, पुढे १९८७ च्या अधिनियमात होता. सध्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू आहे. तो २०१८ पासून अमलात आला. हा कायदा केवळ आधुनिक मनोविकारतज्ज्ञांपुरता आहे, असा समज वैद्यवर्गात आढळतो. तो दूर करावा, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्था व नोंदणी

ज्या आयुर्वेदीय रुग्णालयात मानसरोग्यांना उपचारार्थ दाखल करून ठेवले जाते, ते पूर्णतः वा अंशतः त्या कामासाठी असले तरी कायद्याच्या दृष्टीने 'मानसिक आरोग्य संस्था' ठरते व त्याची नोंदणी अनिवार्य होते. नोंदणीविना संस्था चालविल्यास प्रथम अपराधास ५,००० ते ५०,००० रुपये दंड असून पुनरावृत्ती झाल्यास तो पाच लाखांपर्यंत वाढतो. मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांना कायद्याने 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणून मान्यता दिली आहे. मात्र कलम १०६ अन्वये कोणाही व्यावसायिकास आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरील औषध वा उपचार सुचविता येत नाही.

बंधनाचा प्रश्न

येथे शास्त्र आणि कायदा समोरासमोर येतात. चरकसंहितेच्या उन्माद-चिकित्सिताध्यायात उद्धट रुग्णास दृढ पण सुखकर पट्ट्यांनी बांधावे आणि लोखंड-लाकूड नसलेल्या अंधाऱ्या घरात ठेवावे, असे सांगितले आहे. तर्जन व त्रासन यांचाही तेथे उल्लेख आहे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण आधार म्हणून ते पुढे करणेही आज चालणार नाही. साखळीने बांधणे कलम ९५ ने सर्वथा निषिद्ध आहे. एकांतकोठडी कलम ९७ ने वर्ज्य केली आहे. शारीरिक बंधन केवळ तत्काळ संभवणारी इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हाच, आणि तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने करता येते. त्याची पद्धत, कारण व कालावधी तत्काळ नोंदवावा लागतो आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांत कळवावे लागते. शिक्षा किंवा धाक म्हणून बंधन करता येत नाही. साहजिकच, ज्या संस्थेत असा तज्ज्ञ नाही, तेथील पंचकर्म परिचारकाने नातेवाइकांच्या आग्रहाखातर रुग्णाचे हातपाय बांधणे हा अपराध ठरू शकतो.

मग हिंसक रुग्ण आला तर काय करावे? रुग्णाकडून स्वतःस वा इतरांस गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर कलम ९४ अन्वये नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास ७२ तासांपर्यंत आणीबाणीचे उपचार करता येतात. प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी. रुग्णास जवळच्या योग्य संस्थेत पोहोचविणे हाही या उपचारांचाच भाग आहे.

आमच्या मते संहितेचा मूळ हेतू येथे हरवत नाही. पट्टे सुखकर असावेत, घरात इजा करणारी वस्तू नसावी, या सूचनांमागे रुग्णाच्या रक्षणाचीच दृष्टी होती. हेतू तोच ठेवून साधन बदलावे. त्याच अध्यायातील सांत्वन व आश्वासन यांना कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि परिचारकास शिकवायचे ते हेच.

संमती व गोपनीयता

रुग्ण मानसरोगी आहे एवढ्यावरून तो निर्णयास असमर्थ ठरत नाही. दिलेली माहिती समजणे, निर्णयाचा परिणाम ध्यानात येणे किंवा निर्णय व्यक्त करणे त्यास जमते का, हे पाहावे लागते. त्याचा निर्णय इतरांस चुकीचा वाटला, तरी तेवढ्याने त्याची क्षमता नाकारता येत नाही. म्हणून जेवणात कालवून औषध देण्याची युक्ती वैद्याने सुचवू नये. रुग्णास ठाऊक नसलेले औषध त्याच्या विश्वासाचा घात करते. शिवाय दुष्परिणाम झाला तर त्यास काय झाले, हेही सांगता येत नाही.

कलम २३ अन्वये रुग्णाची माहिती गोपनीय आहे. 'रोग बरा झाला' म्हणून त्याचे छायाचित्र संमतीविना वृत्तपत्रात देणे कलम २४ च्या विरुद्ध आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

समक्ष न आलेल्या रुग्णासाठी 'डोके शांत करणारे' औषध मागितले जाते तेव्हा विक्रेत्याचे उत्तर एकच असावे : वैद्याची चिठ्ठी आणा. सर्पगंधेतील रिसर्पीन रक्तदाब उतरवते आणि विषाद वाढवू शकते. वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण येथे घातक ठरते. अपस्मार व मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ ने मनाई केलेली आहे. दुकानातील फलकही त्यातून सुटत नाही.

प्रत्येक वैद्याने या तरतुदी आपल्या परिचारकांना मराठीत समजावून सांगाव्यात आणि संमती व बंधन यांची नोंदवही आजच सुरू करावी, अशी आमची विनंती आहे. रुग्णापाशी रात्री बसतो तो परिचारक. कायदा मोडतो किंवा पाळला जातो तो बहुधा त्याच्याच हातून. उत्तरदायित्व मात्र आपणही टाळू शकत नाही.