यंत्राइतकीच पेटी

पुतण्याने लग्नसमारंभांसाठी डीजेचा व्यवसाय सुरू केला. यंत्रे कर्जाने घेतली. पेटीत मात्र काटकसर केली. मलाही ती तेव्हा योग्यच वाटली होती. पहिल्याच हंगामात टेम्पोच्या धक्क्यांनी मिक्सर निकामी झाला. बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

‘फ्लाइट केस’ ९ मिलिमीटर प्लायवूडची, ॲल्युमिनियमच्या कडांची व धातूच्या कोपऱ्यांची घ्यावी. आतील फोम यंत्राच्या मापानेच कापलेला हवा. साधा स्पंज ओल धरतो. रॅकची रुंदी १९ इंच व एका युनिटची उंची १.७५ इंच ठरलेली असते. खोली मात्र यंत्रागणिक बदलते, म्हणून मागे वायरींसाठी चार बोटे जागा सोडावी. भरलेली पेटी दोघांना जिन्यावरून नेता यावी. प्रत्येक मंगल कार्यालयात लिफ्ट नसते.